दारातल्या तांब्याचं पाणी

माझे डोळे पिवळे झालेत हे मला एका ब्लाऊजच्या कापडामुळं कळलं.

मी शिवणकाम करते. घनसावंगी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागं आम्ही दोघं राहतो. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. एकुलती एक लेक वैशाली, तिचं सासर परभणीला. त्या दिवशी कुंभार पिंपळगावची एक नवरी मुलगी हळदीच्या ब्लाऊजचं माप द्यायला आली होती. आठवड्यापासून माझं अंग मोडून येत होतं, फोडणीचा वास आला तरी मळमळायचं. पण लग्नसराई होती, आणि लग्नसराईत शिंपिणीला आजारी पडायची परवानगी नसते. कापडाला जुळणारा दोरा बघायला मी खिडकीपाशी गेले, तर ती मुलगी माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

"ताई, राग नका मानू. पण हे कापड अन् तुमचे डोळे एकाच रंगाचे दिसून राह्यले."

मी आरशात पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. रंग बराबर जुळला होता.

आता मी बरी आहे, दिवसाला तीन ब्लाऊज शिवते. तरी हे लिहायला बसले, कारण माझ्यासारख्या किती जणी असतील ज्यांच्या घरी नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते नितळ दिसतं म्हणून पोटभर पितात. त्यांना चार गोष्टी कळाव्यात. त्यातल्या दोन तर आमच्याच मूर्खपणाच्या आहेत, त्याही लपवणार नाही.

माळ

पहिला मूर्खपणा माळेचा.

"कावीळ हाय ही," नवरा म्हणाला. "डॉक्टरकडं हिचा इलाज न्हाई. माळच घालावी लागती."

बारा कोसांवरच्या एका गावात एक म्हातारा कावीळ उतरवतो. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं. नवऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू काविळीची जडीबुटी त्यानंच शोधली होती. मग म्हाताऱ्यानं बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवली. ती रोज वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून पायापर्यंत उतरते, तशी कावीळ उतरते म्हणे. माझा जन्म दोऱ्यात गेला. त्या माळेची गाठ मी बघितली होती. ओल्या काड्यांना सैल सरकती गाठ, काडी वाळली की दोरा सुटणार आणि माळ लांब होणार. हे मला पहिल्याच दिवशी समजलं आणि तरी मी सहा दिवस ती माळ अंगावर घेऊन बसले. भीती वाटत होती, आणि कुणीतरी 'उतरेल' म्हणत होतं, तेवढंच मला पुरत होतं.

त्या सहा दिवसांत घरात जत्रा भरली. आजारी माणसाला भेटायला यायची आपल्याकडं रीतच आहे. आणि दारात आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा, ही त्याहून मोठी रीत. देणारा विचारत नाही, घेणाराही पाणी कुठलं म्हणून विचारत नाही. विचारलं तर घरावर शंका घेतल्यासारखं होतं.

पाचव्या दिवशी वैशाली आली. न कळवता, भर उन्हात, एसटीनं. पोटात पाचवा महिना. दारातच घाम पुसत उभी राहिली. मला उठवत नव्हतं, पण लेक माहेरी आली की पाणी आईनं द्यायचं, म्हणून मी भिंत धरत गेले आणि माठातून तांब्या भरला. तिनं तो एका दमात संपवला.

"आणखी दे गं आई. आपल्या पाण्याची चव परभणीला न्हाई."

मी दुसरा भरून दिला. बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मी जेवण पाहताच ओकले, तेव्हा तिनं माझ्या गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, बस झालं माळबिळ. गाडी बोलवा जल्दी. जालन्याला नेऊन राह्यले मी आईला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं

जालन्याच्या दवाखान्यातली डॉक्टर वैशालीच्याच वयाची असेल. रक्ताचा रिपोर्ट बघत तिनं विचारलं, "पाणी कुठलं पिता मावशी?"

"नळाचं." मी ताठ मानेनं सांगितलं. आमच्या लहानपणी आडाचं पाणी शेंदावं लागायचं, त्यामुळं नळाचा आम्हाला अजून मान वाटतो.

"उकळून?"

"तुरटी फिरवतो. पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ येतात, त्या सांडून देतो. मग नितळ येतं."

"नितळ म्हणजे स्वच्छ नाही, मावशी. ही कावीळ पाण्यातूनच झालीय. पाण्यात घाण मिसळली की होते." बोलता बोलता तिची नजर वैशालीच्या पोटावर गेली. "तुम्ही यांच्याचकडं राहता?"

"नाही, कालच आले. परभणीहून."

"पाणी तेच प्यायलात?"

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी घाबरवलं नाही, हे त्यांचे उपकार. पण लपवलंही नाही. बहुतेक माणसं आराम करून, पथ्यपाणी सांभाळून यातून बरी होतात, मीही होईन, म्हणाल्या. गरोदर बाईला मात्र ही कावीळ झाली तर जड जाऊ शकते, आईला आणि बाळालाही. आणि ती लगेच दिसत नाही, कित्येक आठवड्यांनी वर येते. "होईलच असं नाही. पण दीड-दोन महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ताप, उलटी, डोळे पिवळे, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात. आणि यांना आजच्या आज परत पाठवा."

जावई येऊन तिला घेऊन गेले. सलाईन लावलेल्या हातानं मी तिला टाटा केला. त्या दिवसापासून मी स्वतःच्या आजाराचा विचार करणं सोडलं. माझ्या हातानं मी तिला दोन तांबे पाजले होते.

पाच दिवस

दवाखान्यातल्या पाच दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे रक्त काढायला यायचे, मग सलाईन, मग चव नसलेला भात. लघवी काळ्या चहासारखी. अंगाला खाज इतकी सुटायची की मापाच्या पट्टीनं पाठ खाजवली, पर्समध्ये होतीच. नवरा स्टुलावर बसून असायचा आणि दर तासाला विचारायचा, "आता कसं वाटून राह्यलं?" तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले, मग रडले. तो उठून गेला आणि अर्ध्या तासानं मोसंबी सोलून घेऊन आला. साली काढलेल्या, बिया काढलेल्या फोडी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्या माणसानं कधी स्वतःसाठीसुद्धा मोसंबी सोललेलं मी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर जांब समर्थकडची एक बाई टायफॉईडनं आली होती. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. शाळेत पाणी उकळून ठेवायचा हुकूम होता, ती रोज पातेलंभर उकळायची. "अन् घरी?" मी विचारलं. "घरी कोण तपासाया येतंय बाई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना कुशीत दुखायचं, तरी हसलो.

डोळे दाखव

घरी आले तेव्हा चालतानाही दम लागायचा. पाणी आता उकळूनच. चांगलं खळखळून काही मिनिटं उकळू द्यायचं आणि झाकूनच गार करायचं, असं बजावून सांगितलं होतं. रसवंतीतला बर्फ घातलेला उसाचा रस आणून देणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवलं. ज्यांना राग आला त्यांना आला.

रोज सकाळी चहाच्या आधी वैशालीला व्हिडिओ कॉल. "खिडकीपाशी ये. डोळे दाखव. खालची पापणी ओढ." फोनमध्ये कधी सगळंच पिवळं दिसायचं. मग ती पांढऱ्या भिंतीपाशी जायची, भिंतही पिवळीच दिसायची, तेव्हा मी चहा ठेवायचे. विहीणबाई एकदा मागून बोलल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "बाळंतपण आपण इथंच करू. तिकडच्या पाण्याचा भरवसा न्हाई."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. दुपटी मी आधीच शिवून ठेवली होती. त्यांचं बोलणं मला झोंबलं, आणि जास्त झोंबलं कारण ते बराबर होतं.

मी नवऱ्याला सांगितलं, पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज द्या, गावची टाकीच घाण आहे म्हणून. तो म्हणाला, "पाणी खराब असतं तर मला कावीळ झाली असती का?" यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी अर्ज मी लिहिला, भरपूर शिव्या घालून, फक्त सभ्य शब्दांत. द्यायचा राहिला होता, एवढंच.

बुडबुडे

अंगात त्राण नव्हतं म्हणून माझी खाट मशीनच्या जागी, खिडकीपाशी टाकली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या गल्लीकडं सबंध दिवस बघत पडले. खिडकीखाली उघडी नाली, नालीतून आमच्या घरात येणारा नळाचा पाइप. त्या दिवशी पाण्याचा वार होता. पाणी सोडणाऱ्या वॉलमननं कॉक सोडला आणि गल्लीत नेहमीची धावपळ झाली.

मी नालीकडं बघत होते. पाइपापाशी काळ्या पाण्यात बुडबुडे आले. चूळ भरल्यासारखे, एकामागून एक. मग नवऱ्यानं मोटार लावली. बुडबुडे बंद.

आमच्याकडं सगळेच नळाला मोटार लावतात. आठ दिवसांनी तासभर पाणी, तेही करंगळीएवढी धार. मोटार लावून ओढलं नाही तर हौद भरत नाही. शेजाऱ्यानं लावली की आपल्याला येत नाही, म्हणून आपणही लावायची.

"अहो, मोटार बंद करा," मी ओरडले.

"पाणी जाईल!"

"बंद करा म्हणते ना!"

मोटार बंद झाली. बुडबुडे सुरू. "आता लावा." बुडबुडे बंद. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो कपाळाला हात लावून आत आला, हिचं डोकं फिरलं म्हणून. मी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि बोट दाखवलं.

पाइप फुटला होता. एरवी त्यातून नळाचं पाणी बाहेर यायचं. मोटार लावली की बाहेरचं आत जायचं. ते बाहेरचं म्हणजे काय, हे नालीत डोळ्यांसमोर वाहत होतं.

"असं कसं होईल," नवरा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"पुढच्या पाण्याच्या वारी बघू," मी म्हणाले. आठ दिवस मी तो अर्ज उशीखाली ठेवला आणि वाट बघितली.

पुढच्या वारी त्यानं गोणपाट आणि चिखल लावून नाली खालच्या बाजूला अडवली. कपड्यांना घालायच्या निळीची अख्खी बाटली मी स्वतः तिथं ओतली. नळ सुटले. हौदात जाणारी नळी पांढऱ्या बादलीत धरली, मोटार लावली. आधी नितळ पाणी आलं. नवरा माझ्याकडं बघून हसायला लागला होता. मग बादलीतल्या पाण्याला निळी झाक आली, आणि बघता बघता पाणी निळं झालं.

मोटार तशीच घुरघुरत राहिली. ती मीच जाऊन बंद केली.

पाइपाचा तो जोड नवऱ्यानंच लावलेला होता, हा आमचा दुसरा मूर्खपणा. दोन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा पाइप तुटला, आणि प्लंबर येईपर्यंत म्हणून यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली होती. प्लंबर कधी आलाच नाही, कारण पाणी येत होतं. तो उंबऱ्यावर बसला. त्या दिवशी गिरणी उघडली नाही.

"माझ्याच हातानं म्या पोरीला..." तो म्हणाला.

गेले कित्येक दिवस मी त्याच्याशी भांडत होते. माझं बरोबर ठरलं की काय काय बोलायचं हे मी पाठ करून ठेवलं होतं. ते सगळं मी तिथंच सोडलं.

"जोड तुम्ही बांधला," मी म्हणाले. "तांब्या मी दिला. आता उठा, प्लंबरला फोन करा."

गल्लीचं शेवटचं घर

निळ्या पाण्याची बादली मी दारात ठेवली आणि गल्लीतल्या बायकांना बोलावलं. लाज वाटत होती. सगळ्या इथलंच पाणी पिऊन गेल्या होत्या. तरी सगळं सांगितलं, ट्यूबच्या पट्टीसकट. कुणी हळहळलं, कुणी "आमचा पाइप चांगला हाय" म्हणून लगेच घरी गेलं.

लताबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. गल्लीच्या शेवटच्या घरात राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. त्यांच्या नळाला मोटार नाही.

"सुनंदाताई, तुमच्याआधी महिनाभर मला कावीळ झाल्ती. तवाच म्या म्हणत होते, पाण्याला वास येऊन राह्यला. कुणी ऐकलं? तुमच्या सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की माझा नळ नुसती हवा सोडतो. शेवटी जे चार बादल्या पाणी येतं, ते तुमच्या नाल्यांतून आलेलं."

मला आठवलं. त्यांना कावीळ झाल्याचं कळलं होतं, आणि आम्ही म्हणालो होतो, त्या टोकाचं पाणीच खराब. एकच पाइप, एकच पाणी, तरी 'त्या टोकाचं' म्हणालो. मी भेटायला गेले नव्हते. माझ्या घरी जत्रा भरली तेव्हा त्या मात्र आल्या होत्या, आणि माझ्या हातचं पाणी प्यायल्या होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. उद्या सकाळी कार्यालयात चला माझ्यासंगं. तुमच्याकडं अर्ज हाय न्हवं?"

अर्ज मी नव्यानं लिहिला. त्यात आमची चूक पहिल्या ओळीत घातली. साहेबांनी तेवढीच ओळ वाचली आणि म्हणाले, "घरगुती जोडणी तुमची जबाबदारी आहे."

"मान्य," लताबाई म्हणाल्या. "अन् आठ दिवसाला पाणी सोडायची जबाबदारी कुणाची? ते लवकर अन् जोरात आलं असतं तर मोटार कुणी कशाला लावली असती? अन् पाइप नालीतून कुणी नेला?"

साहेबांनी बघतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या सोमवारी आम्ही परत गेलो. तिसऱ्या सोमवारी मी काज-बटणांचं काम सोबत नेलं आणि त्यांच्या टेबलासमोरच बसले. तब्येतीमुळं मशीन चालवता येत नव्हतं, पण बटणं कुठंही लावता येतात. पाचव्या सोमवारी साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही घरी बसून शिवा, माणसं येतील." माणसं आली. पाइप नालीतून उचलून भिंतीच्या कडेनं घेतले. टाकीत औषध टाकतात का, हे बघायला लताबाई वॉलमनबरोबर स्वतः जाऊ लागल्या. पाणी आठाचं पाचव्या दिवशी येऊ लागलं. फार मोठा विजय नाही, पण आमचा आहे.

मोटारी काढायला मात्र जीव गेला. पहिली आमची काढली, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं. मग एकेक घर. पाण्याच्या वारी लताबाई गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात. कुठं घुरघुर ऐकू आली की त्या दारात जाऊन उभ्या राहतात, बोलत काही नाहीत. पुढं आपोआप मोटार बंद होते. आता त्यांच्या नळाला धार येते.

लेक आली

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दोन महिने सरले. रोज डोळे पाहिले, एक दिवस चुकवला नाही. परभणीला वैशालीचं रक्त तपासलं आणि जावयांचा फोन आला. "सगळं नॉर्मल आहे आई." मी हातातली कात्री खाली ठेवली आणि भरपूर रडले. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, बसू दे म्हटलं.

मग मी विहीणबाईंना स्वतः फोन केला. काय चुकलं, काय बदललं, सगळं सांगितलं. नवं पाणी तपासून घेतलं होतं, त्याचा कागद पाठवला. "तरी तुमचं मन नसेल तर मी तिकडं येते," म्हणाले. "बाळंतपण कुठं का होईना, पोर सुखरूप पाहिजे." त्यांनी कागदावरची तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, "आठवा लागला की पाठवते. दुपटी तिकडंच हाईत ना?"

वैशाली आली तेव्हा नवरा स्टँडवरून तिची पिशवी घेऊन पुढं धावत आला. ती दारात उभी राहिली, घाम पुसत, तशीच. मी तांब्या भरून आणला. तिनं हात पुढं केला. तांब्या घेतला, आणि तोंडाला न लावता माझ्याकडं पाहिलं.

"आई, उकळलंय का?"

नवऱ्याचा चेहरा पडला. आमच्या घरात, आमच्या दारात, दिलेल्या पाण्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईला मी विचारलं नव्हतं, तिनं तिच्या आईला विचारलं नव्हतं. मला मात्र इतका आनंद झाला की तो कसा सांगू!

"उकळलंय," मी म्हणाले. "सकाळी. झाकून ठेवलं होतं."

"किती वेळ उकळलं?"

"ये आधी आत," मी तिचा हात धरला. "बस. अन् विचार अजून काय विचारायचं ते."